गट-गणांच्या रेषा कोण आखतं? जुन्नर-आंबेगावच्या मतदाराला मिळतो फक्त एक आठवडा

लेण्याद्रीच्या पायथ्याचं गोळेगाव आणि जुन्नर शहर अगदी जवळजवळ. पण जुन्नरकर नगरपरिषदेसाठी मत देतो, तर गोळेगावकर जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीच्या गणासाठी. आपलं गाव कोणत्या गटात टाकायचं, हे मात्र गावकरी ठरवत नाहीत.

मग कोण ठरवतं?

२०२५ मध्ये गट-गणांचं प्रारूप जिल्हाधिकाऱ्यांनी १४ जुलैला प्रसिद्ध केलं. हरकतींची मुदत २१ जुलैपर्यंत होती आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा. पूर्वी ही रचना राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत होती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ते अधिकार राज्य सरकारकडे घेतले. म्हणजे ज्यांना निवडणूक लढवायची, त्यांच्याच सरकारच्या हाती पेन्सिल!

परिणाम आकड्यांत दिसतो. पुणे जिल्हा परिषदेत २०१७ ला ७५ गट होते. २०२२ मध्ये सदस्यसंख्येची कमाल मर्यादा ७५ वरून ८५ झाली आणि ८२ गटांची रचना आली. सरकार बदललं, मर्यादा पुन्हा ७५ वर आली. २०२५ मध्ये गट ठरले ७३. हवेलीतली गावं पुणे महापालिकेत गेली, हे एक खरं कारण. पण लोकसंख्या तिन्ही वेळा २०११ च्या जनगणनेचीच धरली होती.

आमदार-खासदारांच्या मतदारसंघांचं काय?

ते काम परिसीमन आयोगाचं. न्या. कुलदीप सिंग आयोगाच्या २००८ च्या रचनेत खेड लोकसभा मतदारसंघ गेला, शिरूर आला. आंबेगाव विधानसभेला शिरूर तालुक्यातली गावंही जोडलेली आहेत. या आयोगात महाराष्ट्राचे ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मताचा अधिकार नाही. सामान्य नागरिकाला तर खुर्चीच नाही, फक्त सूचना मांडता येतात.

नागरिकांनीच रेषा आखल्या तर?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये जनमताने तसा आयोग नेमायचं ठरवलं. त्यात १४ नागरिक असतात: दोन मोठ्या पक्षांचे ५-५ समर्थक आणि ४ जण दोन्हींबाहेरचे. छाननीनंतर पहिले ८ चिठ्ठ्या टाकून निवडतात, ते उरलेले ६ जण निवडतात. नकाशाला ९ मतं लागतात, तीही तिन्ही गटांतून प्रत्येकी किमान ३. विद्यमान लोकप्रतिनिधी कुठे राहतो, हे विचारात घ्यायला मनाई आहे. तरी राजकारण सुटलेलं नाही. टेक्सासने आपले मतदारसंघ मध्येच बदलल्यावर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाचा संसदीय नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला.

तोवर आपल्या हाती काय?

लेखी हरकत. ‘आमच्या नेत्याचा गट मोडला’ या तक्रारीला वजन नाही. लोकसंख्येतली तफावत किंवा तुटलेली भौगोलिक सलगता दाखवा. डिंभे धरणाच्या पाण्याभोवतीची गावं नकाशावर शेजारी दिसतात, रस्त्याने मात्र वळसा पडतो. अशा वेळी हरकतीसोबत रस्त्याचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडलेला बरा. आठवडाभरात ग्रामसभा बोलावणं अवघड असतं, त्यामुळे तयारी प्रारूप येण्याआधीच लागते.