'३६ व्हायरस सापडले!' पण शोधले कोणी?

संशोधनाची तयारी करताना आपण जुने पेपर, पुस्तकांच्या पीडीएफ, एखादं फुकटचं सॉफ्टवेअर शोधत नको नको त्या साइटवर जातो. तिथेच कधीतरी स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो आणि पाटी येते: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३६ व्हायरस सापडले.' खाली बटण, 'आत्ताच साफ करा'. ज्या मशीनवर तुमचा सिनॉप्सिस आणि फील्डवर्कचा डेटा आहे, त्यावर हे दिसलं की हात आपोआप बटणाकडे जातो. या प्रकाराला स्केअरवेअर म्हणतात.

थोडं थांबा आणि विचारा, हे ३६ आले कुठून? ब्राउझरमधल्या वेब पानाला तुमची सी ड्राइव्ह वाचता येत नाही. तुम्ही स्वतः निवडून दिलेली फाइलच त्याला दिसते. मग ती सरकणारी पट्टी, ती भराभर पळणारी फाइलींची नावं? ते नुसतं अ‍ॅनिमेशन. २००८-१० च्या सुमारास अशी पानं विंडोज एक्सपीची 'माय कॉम्प्युटर' खिडकी हुबेहूब काढायची आणि तीच खिडकी मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यालाही दिसायची! आता त्याऐवजी एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचा लोगो लावून 'सबस्क्रिप्शन संपलं' असं नोटिफिकेशन येतं, इतकाच फरक.

आपल्या भाषेत सांगायचं तर या चाचणीला कंट्रोल नाही. नुकतंच विंडोज टाकलेल्या, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर असं सॉफ्टवेअर चालवलं तरी ते व्हायरस 'सापडवतं'. जी चाचणी प्रत्येकाला पॉझिटिव्ह ठरवते, तिच्या निकालातून काहीच कळत नाही. आणखी एक खूण म्हणजे शोधणं फुकट, काढण्याचे मात्र पैसे, आणि तेही घाईघाईने.

या धंद्यावर २०११ साली सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक सुंदर पेपर आला. त्यांना अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरचा हिशेबच मिळाला होता. तिघांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर. त्यातल्या एकीने तीन महिन्यांत सुमारे ८४ लाख इन्स्टॉल केले आणि १ लाख ८९ हजारांच्या आसपास विक्री केली, म्हणजे शंभरात साधारण सव्वादोन. (इन्स्टॉल म्हणजे माणूस नव्हे हं, आकडा वाचताना छेद काय आहे ते बघायची सवय आत्ताच लावा.) मला त्यातला सगळ्यात रंजक भाग वाटला तो परताव्याचा. या टोळ्या काही तक्रारदारांना पैसे चक्क परत द्यायच्या! कारण बँकेमार्फत होणाऱ्या तक्रारी फार वाढल्या, की कार्डाचे पैसे जमा करून देणारी कंपनी त्यांचं खातं बंद करते. म्हणजे त्यांची खरी नस तिथे आहे.

बरं, आता काढायचं कसं? नुसतं पान उघडलं असेल तर पानावरच्या कशालाही, अगदी त्याच्या 'क्लोज' बटणालासुद्धा, हात लावू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, तिथून ब्राउझर बंद करा. नंतर तो उघडताना जुने टॅब परत आणू नका. नोटिफिकेशन येत राहिली तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कुठल्या साइटला परवानगी दिली आहे ते पाहून ती काढा.

इन्स्टॉल होऊन बसलं असेल तर काम वाढतं. आधी वाय-फाय बंद. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात सेफ मोडमध्ये या. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधीच शोधून ठेवा. तिथे अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा, अनोळखी नाव काढा, स्टार्टअपमध्येही बघा. मग नेहमीच्या विंडोजमध्ये परत येऊन विंडोज सिक्युरिटीतलं डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे लपलेल्या प्रोग्रॅमला आडवं येता येत नाही. पंधराएक मिनिटं लागतात. एवढं करूनही पाटी परत आली तर सरळ डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाका. फाइली न्या, .एक्सई नेऊ नका.

खरा अँटिव्हायरस पुन्हा जागा झाला का, हे बघायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती सेव्ह करताच त्याने ओरडायला हवं.

आणि पैसे भरून झाले असतील तर लाजत बसू नका. कार्ड ब्लॉक करा, बँकेत व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार नोंदवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. विकणाऱ्याने दिलेल्या 'रिफंड'च्या नंबरवर मात्र फोन करू नका.