ख्रिस्ती निर्मितीवाद आणि पृथ्वीचे विश्वातील स्थान

ख्रिस्ती निर्मितीवाद ही विश्व, पृथ्वी आणि सजीवसृष्टी ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केली असे मानणारी विचारधारा आहे. बायबलमधील 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातील वर्णन हा तिचा मुख्य आधार होय. या विचारधारेत पृथ्वीला इतर खगोलीय वस्तूंहून वेगळे स्थान दिले जाते. बहुतेक निर्मितीवाद्यांच्या मते हे वेगळेपण अवकाशातील जागेचे नसून हेतूचे आहे. पृथ्वी विश्वाच्या मध्यबिंदूवर असो वा नसो, ती मानवाच्या वास्तव्यासाठी घडवली गेली, असे ते मानतात. आधुनिक खगोलशास्त्रानुसार विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे, तर पृथ्वीचे सुमारे ४.५४ अब्ज वर्षे आहे. सूर्य हा आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला एक तारा आहे. या दोन भूमिकांमधील विरोध दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या प्रश्नात सर्वाधिक स्पष्ट होतो.

धर्मग्रंथातील आधार

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पृथ्वीचा उल्लेख आरंभीच येतो. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात. दिवस व रात्र वेगळे करणे, ऋतू व वर्षे दाखवणे आणि पृथ्वीवर प्रकाश देणे हे त्यांचे कार्य सांगितले आहे. या क्रमावरून निर्मितीवादी लेखक असा अर्थ काढतात की आकाशस्थ वस्तू पृथ्वीसाठी आहेत. आठव्या स्तोत्रात विशाल आकाशापुढे मानव क्षुद्र भासत असतानाही त्याला मान दिल्याचे वर्णन आहे. त्यामुळे आकाराने लहान असणे म्हणजे बिनमहत्त्वाचे असणे नव्हे, या मताच्या समर्थनार्थ ते वारंवार उद्धृत केले जाते.

आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळी व राजवटींच्या आधारे निर्मितीचे वर्ष इ.स.पू. ४००४ असे काढले. पृथ्वीचे वय सुमारे ६,००० वर्षे मानण्याची परंपरा अशा गणनांवर आधारित आहे.

भूकेंद्री विश्वाची पार्श्वभूमी

स्थिर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विश्वाची कल्पना मूळची बायबलमधील नसून अ‍ॅरिस्टॉटल व टॉलेमी यांच्या ग्रीक परंपरेतून युरोपात रूढ झाली. या विश्वरचनेत केंद्र हे गौरवाचे स्थान नव्हते. ते सर्वांत खालचे व नश्वर मानले जाई. दान्तेच्या महाकाव्यात नरक पृथ्वीच्या अंतर्भागात आहे, तो याच कल्पनेनुसार. म्हणून कोपर्निकसने पृथ्वीला केंद्रातून हलवून मानवाचा मान कमी केला, हा प्रचलित समज इतिहासकारांना पूर्णपणे मान्य नाही.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६१६ मध्ये रोमन कॅथोलिक चर्चने दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या प्रसारास मनाई केली आणि १६३३ मध्ये गॅलिलिओला दोषी ठरवले. सूर्य थांबल्याचा यहोशवाच्या पुस्तकातील प्रसंग या वादात केंद्रस्थानी होता. आज बहुसंख्य निर्मितीवादी या प्रसंगातील भाषा निरीक्षकाच्या दृष्टीने वापरलेली मानतात आणि सूर्यकेंद्री सूर्यमाला स्वीकारतात. भूकेंद्रवादाचा पुरस्कार करणारे गट अत्यल्प आहेत.

प्रमुख प्रवाह

तरुण पृथ्वी निर्मितीवादानुसार निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचे होते आणि विश्व सुमारे ६,००० ते १०,००० वर्षे जुने आहे. जॉन व्हिटकॉम्ब व हेन्री मॉरिस यांच्या 'द जेनेसिस फ्लड' (१९६१) या ग्रंथानंतर अमेरिकेत हा प्रवाह बळावला.

प्राचीन पृथ्वी निर्मितीवाद विश्वाचे वैज्ञानिक वय मान्य करतो आणि उत्पत्तीतील दिवस हे दीर्घ कालखंड मानतो. खगोलशास्त्रज्ञ ह्यू रॉस हे या प्रवाहाचे परिचित प्रवक्ते आहेत.

दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा प्रश्न

देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. विश्व केवळ काही हजार वर्षांचे असेल तर हा प्रकाश पृथ्वीवर कसा पोहोचला, हा तरुण पृथ्वी निर्मितीवादापुढील कठीण प्रश्न आहे. त्यावर पुढील प्रमुख उत्तरे सुचवली गेली आहेत.

वयासह निर्मिती : इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञ फिलिप गॉस यांनी 'ऑम्फॅलोस' (१८५७) या ग्रंथात मांडले की सृष्टी निर्माण होतानाच जुनी दिसणारी होती. या तर्कानुसार ताऱ्यांचा प्रकाश वाटेतच निर्माण झाला. १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या मोठ्या मॅगेलनी मेघात एका ताऱ्याचा स्फोट दिसला. प्रकाश वाटेत निर्माण झाला असेल, तर हा स्फोट प्रत्यक्षात घडलाच नाही असे म्हणावे लागते. अशा निर्मितीमुळे ईश्वरावर फसवणुकीचा दोष येतो, हा आक्षेप गॉस यांच्या काळापासून ख्रिस्ती लेखकांनीच घेतला आहे.

प्रकाशवेगातील घट : १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील बॅरी सेटरफिल्ड यांनी प्रकाशाचा वेग पूर्वी प्रचंड होता व नंतर घटला, असे मत मांडले. मात्र जुन्या मापनांतील फरक त्या काळच्या उपकरणांच्या मर्यादांमुळे होते, असे आढळते. १९८७ च्या स्फोटात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ च्या गॅमा किरणांची ऊर्जा व त्याचे सुमारे ७७ दिवसांचे अर्धायुष्य प्रयोगशाळेतील मूल्यांशी जुळले. त्यावरून तेथेही भौतिकीचे नियम आजच्यासारखेच होते, असा निष्कर्ष काढला जातो. पुढे अनेक निर्मितीवाद्यांनीही ही कल्पना सोडून दिली.

श्वेतविवर प्रतिमान : अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रसेल हम्फ्रीज यांनी १९९४ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धान्ताचा आधार घेतला. विश्वाला सीमा असून पृथ्वी त्याच्या केंद्राजवळ आहे. गुरुत्वाकर्षणामुळे येथे काही दिवस गेले तेव्हा दूरवर अब्जावधी वर्षे लोटली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे पृथ्वीचे केंद्रस्थान पुन्हा अवकाशातील जागेशी जोडले जाते. सॅम्युएल कॉनर व डॉन पेज यांनी १९९८ मध्ये दाखवले की या गणितातून तसा कालभेद निष्पन्न होत नाही. पेज हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती विश्वशास्त्रज्ञ आहेत.

समकालिकतेचा संकेत : जेसन लिस्ल यांनी २०१० मध्ये असे सुचवले की निरीक्षकाकडे येणाऱ्या प्रकाशाला वेळ लागत नाही, असा संकेत बायबलमध्ये गृहीत आहे. प्रकाशाचा एकदिश वेग मोजण्यासाठी दोन ठिकाणची घड्याळे जुळवण्याचा संकेत आधी ठरवावा लागतो, हे भौतिकीत मान्य आहे. तथापि संकेत बदलल्याने प्रत्यक्ष निरीक्षणे बदलत नाहीत, आणि ताऱ्यांवर दिसणाऱ्या दीर्घ उत्क्रांतीच्या खुणांचा उलगडाही होत नाही, असे टीकाकार म्हणतात.

विशेष ग्रहाचा युक्तिवाद

गिएर्मो गोन्झालेझ व जे रिचर्ड्स यांच्या 'द प्रिव्हिलेज्ड प्लॅनेट' (२००४) या पुस्तकात असा दावा आहे की पृथ्वी जीवनाला जशी अनुकूल आहे, तशीच विश्वाच्या निरीक्षणालाही आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट असून तो सुमारे तितकाच पट दूर आहे. त्यामुळे खग्रास सूर्यग्रहणात प्रभामंडल दिसते. हा मुद्दा त्यांनी ठळकपणे मांडला. हे लेखक स्वतःला निर्मितीवादी नव्हे, तर बुद्धिमान आराखड्याचे समर्थक म्हणवतात. निरीक्षक जेथे जगू शकतो तेथूनच तो पाहतो, म्हणून अनुकूलता आढळणे हा हेतूचा पुरावा ठरत नाही, असा त्यावर आक्षेप आहे.

इतर ख्रिस्ती भूमिका

निर्मितीवादी नसलेले अनेक ख्रिस्ती विचारवंत ईश्वराला निर्माता मानूनही विश्वाचे वय व उत्क्रांती स्वीकारतात. प्रसरणशील विश्वाची मांडणी करणारे आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना सुचवणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. आपला सिद्धान्त धर्मसिद्धान्ताचा पुरावा म्हणून वापरण्यास त्यांचा विरोध होता. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी गॅलिलिओच्या प्रकरणात तत्कालीन धर्मपंडितांची चूक झाल्याचे मान्य केले.

मराठी साहित्यातील निर्मितीकथा

बायबलमधील निर्मितीकथा मराठीत विस्ताराने आणणारी महत्त्वाची प्रारंभिक रचना म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण'. गोव्यातील रायतूर येथे ते १६१६ मध्ये, म्हणजे कोपर्निकसच्या ग्रंथावर रोममध्ये मनाई आली त्याच वर्षी, छापले गेले.