नवी रॅम, निळी स्क्रीन

संगमनेरातल्या एखाद्या दुकानात जुन्या पीसीत आठ जीबीची नवी पट्टी बसते आणि घरी तासाभरात स्क्रीन निळी पडते. खापर विंडोजवर फुटतं, बहुतेकदा उगाचच.

२४०० आणि ३२०० वेगाच्या डीडीआर४ पट्ट्या एकत्र लावल्या, की सहसा दोन्ही कमी वेगानेच चालतात. पण बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल, तर गडबड होऊ शकते. आधी ते बंद करावं. मग पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसून, एकच पट्टी ठेवून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं. चुका आल्या, तर स्लॉट बदलून पाहावा; दुसऱ्या स्लॉटमध्येही त्या दिसल्या, तर पट्टी सरळ परत करावी.

रॅमऐवजी ग्राफिक कार्ड नवं असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. गेम सुरू होताच पीसी फट्‌कन बंद पडतो, निळी स्क्रीनसुद्धा येत नाही. स्वस्तातल्या डब्यावर छापलेले ४५० वॅट खरे धरू नयेत.