हाफपँट, नाडा आणि दादा

नायगावच्या गिरणगावात वाढलेले दादा कोंडके सेवादलाच्या कलापथकातून रंगमंचावर आले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिलं; भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त (१९६९) पडद्यावर आणलं.

‘सोंगाड्या’ (१९७१) त्यांची स्वतःची निर्मिती. दिग्दर्शन मात्र गोविंद कुलकर्णींचं. ढगळ हाफपँट, लोंबणारा नाडा आणि चेहऱ्यावर बावळट निरागसता. द्व्यर्थी विनोदावर टीका झाली, पण टायमिंगबद्दल कुणी बोललं नाही, हा अन्यायच.

‘पांडू हवालदार’पासून (१९७५) दिग्दर्शनही त्यांच्याच हाती आलं. अशोक सराफांना मोठं नाव मिळालं तेही याच चित्रपटातून. दादा गाणीही लिहीत; ‘ढगाला लागली कळं’ हे गाणं त्यांचंच.

लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांमुळे त्यांची नोंद गिनीज बुकात झाली.