मोठे आमिष, मोठा मासा आणि दुटप्पी कायदा

आयर्लंडमध्ये २००६ सालापासून एक नियम अमलात आहे. गळाने मासे धरणाऱ्याने दिवसाकाठी एकच पाइक मासा ठेवून घ्यावा आणि ५० सेंटिमीटरहून लांब पाइक मुळीच मारू नये, असे तो सांगतो. त्याच देशाच्या पश्चिमेकडील कॉरिब, मास्क यांसारख्या सरोवरांत मात्र सरकारी मत्स्ययंत्रणाच जाळी लावून आणि पाण्यात विजेचा प्रवाह सोडून हेच मासे वर्षानुवर्षे काढीत आली आहे. ही सरोवरे मुख्यतः ट्राउट माशांसाठी राखलेली आहेत, हे त्याचे कारण. नागरिकाने केला तर गुन्हा आणि शासनाने केले तर कर्तव्य, असा हा प्रकार आहे. त्यावरून ट्राउटचे चाहते आणि पाइकचे चाहते यांच्यात जो कडवा वाद चालत आला आहे, तो केवळ हौशी मंडळींचा कलह म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

पाइक हा थंड प्रदेशांतील गोड्या पाण्याचा मासा. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका असा त्याचा विस्तार आहे. भारतीय नद्यांत तो आढळत नाही. आपल्याकडच्या मरळीशी त्याचे कुळाने काही नाते नाही, पण वृत्तीने पुष्कळ साम्य आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल उभे राहायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत गिळायचे, हीच दोघांची रीत. पाइकचे पाठीवरचे व पोटाखालचे पर शेपटीजवळ एकवटलेले असतात. त्यामुळे क्षणार्धात विलक्षण वेग घेता येतो. जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, आणि टाळूवर मागे वळलेल्या दातांच्या ओळीच्या ओळी. आत शिरलेले भक्ष्य सहसा परत येत नाही. आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासाही तो गिळतो, आणि तो मासा स्वजातीचा असला तरी त्याला विधिनिषेध नसतो. १९८६ साली जर्मनीत गळाला लागलेला २५ किलोचा पाइक जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला आहे.

या खादाडपणावरच मानवाने आपली युक्ती रचली. अमेरिकेतील ज्युलिओ ब्युएल याने १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट मिळवले. त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका सांगतात. फिनलंडमधील लाउरी रापाला हा मात्र पोटासाठी मासे धरणारा कोळी होता. मोठे मासे थव्यातल्या सगळ्यांना सोडून जो लंगडत पोहतो त्यालाच हेरतात, हे त्याने पाहिले होते. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तो पाण्यात ओढला की जखमी माशासारखा डगमगे. दारिद्र्यातून निघालेली ही कल्पना पुढे जगभर पसरलेला मोठा उद्योग बनली, हे विसाव्या शतकातील कारागिरीच्या इतिहासातले एक मनोहर पान होय.

गेल्या काही दशकांत मात्र या कलेने वेगळे वळण घेतले आहे. कॅलिफोर्नियातील जलाशयांत सोडलेल्या रेनबो ट्राउट खाऊन तेथील बास मासे अवाढव्य वाढले, तेव्हा त्यांच्यासाठी हुबेहूब ट्राउटच्या आकाराची मोठी आमिषे तयार होऊ लागली. हा प्रकार ‘स्विमबेट’ या नावाने ओळखला जातो आणि आता तो पाइकच्या शिकारीत सर्वत्र रूढ झाला आहे. वीस ते तीस सेंटिमीटर लांबीचे, शंभर-दोनशे ग्रॅम वजनाचे हे मऊ प्लॅस्टिकचे वा सांधे जोडलेले मासे असतात. ते फेकायला दणकट काठी आणि मजबूत चक्री लागते. दातांनी दोरा तुटू नये म्हणून टोकाशी तारेचा तुकडा जोडावा लागतो. दिवसभर फेकून एकही मासा मिळाला नाही तरी या मंडळींना त्याचे वैषम्य नसते. त्यांना पुष्कळ मासे नकोच असतात; एकच, पण मोठा हवा असतो. एखादा अर्ध्या हाताचा पोरटा पाइकही जवळजवळ आपल्याएवढ्या आमिषावर तुटून पडतो, हे खरे. पण एकंदरीत आमिष जितके मोठे तितका मासा मोठा, हा ठोकताळा खोटा नाही.

आणि नेमका येथेच कायद्याचा प्रश्न उभा राहतो. पाइकमध्ये मादी नराहून मोठी होते. म्हणजे मीटरभर लांबीचा जो मासा छायाचित्रात मिरवला जातो, तो जवळजवळ नेहमी जुनी मादी असतो. तेवढे वाढायला तिला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागलेला असतो. बर्फ वितळल्यावर उथळ, गवताळ पाण्यात ती लाखाहून अधिक अंडी घालते. शिवाय ती लहान पाइक खाते, आणि त्यामुळे आपल्याच जातीच्या बेसुमार वाढीला लगाम घालते. मत्स्यपालनाचे पारंपरिक नियम सांगतात, लहान मासा सोडा, मोठा ठेवा. गळाला जे मिळेल ते घरी नेणाऱ्याच्या काळात त्यात काही शहाणपण असेलही. परंतु मोठ्यांनाच वेचून काढणारे साधन हाती आल्यावर हाच नियम त्या पाण्याच्या मुळावर येतो.

याचा पुरावा इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात मिळतो. तेथे १९४४ साली पाइकविरुद्ध जाळी लावण्यास प्रारंभ झाला. ट्राउट व चार या माशांचे रक्षण व्हावे हा उद्देश होता, आणि जाळ्यांच्या आसांमुळे मोठे मासेच प्रामुख्याने निघत. परिणाम असा झाला की मोठे पाइक दुर्मीळ झाले आणि लहान पाइक वाढले. सुदैवाने शास्त्रज्ञांनी त्यांची मोजदाद दशकानुदशके चालू ठेवली, म्हणून हे आज सांगता येते. एरवी ‘शत्रू कमी झाला’ याच समाधानात सगळे राहिले असते. आयर्लंडच्या सरोवरांत जाळी टाकणाऱ्यांनी हा अनुभव डोळ्यांआड करावा, हे आश्चर्य आहे.

आयरिश ट्राउटप्रेमींचा युक्तिवाद एका वाक्यात सांगायचा तर पाइक उपरा आहे. आयरिश भाषेत त्याचे एक नावच ‘परका मासा’ अशा अर्थाचे आहे, आणि तो मध्ययुगाच्या अखेरीस माणसांनी आणला असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने त्याला तडा दिला. पाइकची एक शाखा सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी आपल्या आपणच तेथे पोहोचली असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. एक अभ्यास म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे, हे मान्य. पण ज्या रोच माशाला १८८९ साली बाहेरून आणल्याचे सर्वांना ठाऊक आहे, तो आज त्या पाण्यांत सर्वत्र माजला असताना, त्यालाच खाणाऱ्या माशावर उपरेपणाचा शिक्का मारून त्याला वेचून मारणे हे तर्काला धरून नाही. ट्राउटही पाइकच्या पोटात जातात, हे कोणी नाकारत नाही. किती जातात आणि मोठे पाइक काढल्यावर किती वाचतात, हा हिशेब प्रत्येक सरोवरात स्वतंत्रपणे मांडावा लागेल.

तसा तो मांडला म्हणजे उत्तर नेहमी पाइकच्या बाजूने येईल असे नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील डेव्हिस सरोवरात १९९४ साली पाइक सापडले. पर्वतापलीकडून कोणी हौशी माणसाने ते आणून सोडले असावेत, असा समज आहे. तेथून ते नदीमार्गे सॅक्रॅमेंटोच्या त्रिभुज प्रदेशात उतरले तर सामन माशांचा घात होईल, या भीतीने शासनाने १९९७ साली सरोवरात रोटेनोन हे विष सोडले. पोर्तोला गाव पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून घेत असे, गावकरी संतापले. दोन वर्षांत पाइक पुन्हा दिसले आणि २००७ साली विषप्रयोग पुन्हा करावा लागला. हा उपाय क्रूर होता आणि महागही. पण तेथे पाइक खरोखरच उपरा होता, आणि खालच्या नदीची जीवसृष्टी पणाला लागलेली होती. अशा ठिकाणी दयाभाव दाखविणे म्हणजे दुसऱ्या जातीचा बळी देणे होय.

उरतो प्रश्न मासा पकडून सोडून देण्याचा. जर्मनीत प्राणिसंरक्षण कायद्यानुसार सबळ कारणावाचून प्राण्याला वेदना देणे गुन्हा आहे, आणि केवळ मौजेखातर मासा धरून सोडणे हा त्यात बसतो की नाही, यावर तेथे बराच वाद झाला आहे. खाण्यासाठी धरावा, नाहीतर धरूच नये, ही भूमिका ऐकायला निर्मळ वाटते. पण तिचा शब्दशः अंमल केला तर मोठ्या आमिषाला लागलेली प्रत्येक जुनी मादी थेट स्वयंपाकघरात जाईल. बर्लिनचे मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट आर्लिंगहाउस आणि त्यांचे सहकारी म्हणूनच मधल्या आकाराचे मासे ठेवावेत, लहान व मोठे दोन्ही सोडावेत असे प्रतिपादन करीत आले आहेत. हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो, मात्र त्याची किंमत गळ टाकणाऱ्यानेही मोजली पाहिजे. एका मोठ्या आमिषाला तीन टोकांचे दोन-दोन गळ लावलेले असतात. ते घशात रुतले तर लांब चिमटा आणि तार कापण्याची पक्कड जवळ हवी, मासा ठेवायला ओली मऊ चटई हवी, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की काठी घरीच ठेवायला हवी. कारण कोमट पाण्यात थकलेला मोठा पाइक सोडल्यावरही अनेकदा जगत नाही. गळाचे काटे किती असावेत आणि कोणत्या महिन्यांत पाइकवर गळ टाकू नये, याविषयीचे नियम माशाच्या लांबीच्या नियमाइतकेच निकडीचे आहेत.