एकटीचा एक दिवस : दर्शन आणि चार घास

आज हप्ता, व्याज, कर्ज यांतलं काही बोलायचं नाही. आज आपण एका दिवसाबद्दल बोलू. बाईनं सकाळी एकटीनं घरातून निघायचं, देवदर्शन करायचं, बाहेर बसून दोन घास खायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. एवढाच विषय आहे. पण गटाच्या बैठकीत तो काढला की आधी हशा होतो आणि मग सगळ्या गप्प होतात.

आम्ही बैठकीत विचारतो, "बाई, एकटीनं शेवटचं कुठं गेला होतात?" उत्तरं ठरलेली असतात. दवाखाना, बँक, माहेरची मयत. कुणी कामासाठी गेलेली असते, कुणी दुःखाच्या निरोपावर. आपल्या मनानं, आपल्या आनंदासाठी एकटी गेलेली बाई क्वचित सापडते. बँकेत एकटी जाऊन व्यवस्थापकाशी बोलणारी आपली गटाची अध्यक्ष गंगाखेडला दर्शनाला जायचं म्हटलं की सोबत शोधते. सोबत मिळाली नाही तर जाणं राहून जातं. असं राहता राहता वर्षं जातात, गुडघे दुखायला लागतात आणि मग मुलगा गाडीतून नेईल तेव्हाच देव दिसतो.

म्हणून आज परभणी जिल्ह्यातलाच एक दिवस आखून बघू. लांब जायचं नाही. परभणी, पोखर्णी, गंगाखेड आणि परत परभणी.

सकाळी लवकर परभणी गाठा. बसस्थानकाच्या आसपास न्याहारीला गरम सुशीला मिळाली तर ती घ्या. भिजवलेले मुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी आणि वरून दाण्याचा कूट. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो म्हणतो, ही कोण बाई? पण पोटाला हलकी आणि खिशाला परवडणारी न्याहारी आहे ही. गर्दी असलेलं, समोर ताजं बनवताना दिसतं असं दुकान निवडा. बाई एकटी बसली तर लोक बघतात, हे खरं. दोन मिनिटं बघतात, मग आपापल्या बशीकडे वळतात.

परभणीहून गंगाखेडकडे जाताना वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाचं हे ठाणं आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, कित्येक घरांचं ते कुलदैवतही आहे. परभणी ते परळी वैजनाथ या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन आहे आणि त्याच मार्गावर पुढे गंगाखेडही आहे. म्हणजे एसटीनंही जाता येतं आणि रेल्वेनंही. गाडीची वेळ मात्र आदल्या दिवशी स्टेशनावर किंवा डेपोत विचारून घ्या. जायची वेळ सगळ्या विचारतात, परतीची विचारायची राहते. दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या.

पोखर्णीहून पुढे गोदावरीच्या काठी गंगाखेड. हे संत जनाबाईचं जन्मगाव. तेराव्या शतकात इथल्या एका गरीब घरातली पोर पंढरपुराला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण गोळा करणं हीच कामं तिनं जन्मभर केली आणि तीच कामं तिच्या अभंगांत आली. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवते. जात्यावर एकटी बसली की विठ्ठल येऊन दळू लागतो, अशी तिची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या मंदिरात थोडा वेळ शांत बसा. घाई करायला तिथं आज कुणी सोबत नाही. सासूबाई थकल्या, पोराला भूक लागली, मालकांना उशीर होतोय, असं काही नाही. पुष्कळ बायांना देवापुढे दहा मिनिटं सलग बसायला मिळालेलंच नसतं.

मग घाटावर जा. नदीला पाणी असेल तर पायऱ्यांवर बसून हातपाय धुवा, पण एकटं असताना खोल पाण्यात उतरू नका. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरतो.

दुपारच्या जेवणाला घरची शिदोरी असेल तर उत्तम. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, म्हणून आपल्या आज्या प्रवासाला त्याच करायच्या. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. खरं तर एकदा तरी शिदोरी न नेता जा, असं आम्ही सांगू. रोज दुसऱ्याला वाढणाऱ्या बाईनं एक दिवस दुसऱ्यानं वाढलेलं खावं. खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळाला तर तोच मागा. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी शक्ती असे ज्वारीचे वाण दिले आहेत. परभणी शक्तीत लोह आणि जस्त जास्त आहे. अंगात रक्त कमी असलेल्या बायांसाठी ही कामाची गोष्ट आहे. भाकरी आपलं रोजचं खाणं असली तरी ती कमी प्रतीची नाही. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर वाटेत हुरडा मिळेल. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून, गुळाबरोबर किंवा चटणीबरोबर. या दिवसांत ऊनही सोसवतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा असा दिवस काढू नका.

दुपारची गाडी धरून परभणीला परत या. वेळ असेल तर शहरातल्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर जा. २ फेब्रुवारीपासून इथला उरूस भरतो, तेव्हा हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या बाया-माणसं येतात. बाकीच्या दिवसांत तिथं शांतता असते. डोक्यावर पदर घ्या, चपला बाहेर काढा. आत कुठपर्यंत जायचं ते तिथं आलेल्या बायांना विचारा. नवीन जागी रीत विचारण्यात कमीपणा नाही.

मंदिराबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. जिथं पुरुषाला देवापर्यंत जाता येतं, तिथं निव्वळ बाई आहे म्हणून अडवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा बायांना खुला झाला. हे भांडायला सांगत नाही. कुणी उगाच अडवलं तर आपल्याला खरं काय ते ठाऊक असावं, म्हणून सांगतो.

आता खर्च. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना राज्यात अर्धं तिकीट आहे. तिकीट ६० रुपये असेल तर आपल्याला ३० पडतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, त्यांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. तिकीट, न्याहारी, जेवण, देवापुढे ठेवायचे पैसे असा हिशोब आधी मांडा आणि तेवढेच आणखी पैसे वेगळे ठेवा. सगळे पैसे एका पिशवीत नकोत. थोडे पिशवीत, थोडे कनवटीला.

पाण्याचं सांगायला हवं. बाहेर शौचालय नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि घरी आल्यावर "प्रवास सोसत नाही" असं म्हणतात. त्रास प्रवासाचा नसतो, न प्यायलेल्या पाण्याचा असतो. घरून बाटली भरून घ्या आणि घोट घोट पीत राहा. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, मोठी मंदिरं, पेट्रोल पंप या चार जागा ध्यानात ठेवा आणि तिथं पोचल्यावर गरज वाटायची वाट न बघता जाऊन या. पाळीची तारीख जवळ असेल तर दोन पॅड आणि एक कागदी पिशवी बरोबर असू द्या.

सुरक्षिततेसाठी चार गोष्टी. निघताना घरी आणि एका मैत्रिणीला वाट सांगा. फोन रात्रीच चार्ज करा. शेवटच्या एसटीवर भरवसा न ठेवता तिच्या आधीची एसटी धरा. कुणी फार चौकशी करायला लागलं तर "माणसं पुढं थांबलीत" म्हणून बायांच्या घोळक्याकडे सरका. अडचणीत ११२ वर फोन करा, बायांसाठी १८१ आहे, रेल्वेत १३९.

घरी कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. "जाऊ का?" असं विचारलं की "कशाला?" असं उत्तर येतं. त्यापेक्षा आठ दिवस आधी सांगा, "पुढच्या गुरुवारी मी गंगाखेडला जाऊन येणार आहे. सकाळच्या भाकरी करून ठेवते, संध्याकाळी सहाला घरी." दिवस, जागा आणि परतायची वेळ ठरलेली असली की घरच्यांची काळजी कमी होते. सासूबाईंचा नवस राहिला असेल तर तो विचारून घ्या. त्यांचंही मन त्या वाटेवर अडकलेलं असतं.

कुणी म्हणेल, एकटीनं देवाला जाणं बरं दिसतं का? जपान देशात शिकोकू नावाचं बेट आहे. तिथं ८८ देवळांची वारी आहे, वाट जवळपास १२०० किलोमीटरची. कोबो दाइशी या बौद्ध साधूच्या नावानं ती करतात. पांढरे कपडे, हातात काठी. कितीतरी बाया-माणसं ती एकेकटी चालतात. त्यांच्या कपड्यावर किंवा टोपीवर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ "दोघं मिळून चाललोय". म्हणजे माणूस एकटा दिसला तरी साधू बरोबर आहे. वाटेवरचे गावकरी अशा वाटसरूला चहा, फळं, खाऊ देतात आणि त्यातच पुण्य मानतात. आपल्या वारीतल्या अन्नदानासारखंच. तिकडच्या छोट्या खानावळींत चुलीसमोर लांब फळी असते आणि एकेकट्या गिऱ्हाइकासाठी ओळीनं जागा असतात, त्यामुळं एकटं जेवणं कुणाला खटकत नाही. आपल्या जनाबाईला दळताना विठ्ठल सोबत होता, तो गंगाखेडच्या एसटीत सोबत नसेल का?

यातून आपल्या गटांनाही काम मिळतं. तुमच्या गावात देवस्थान असेल तर तिथं एकटी आलेली बाई कुठं बसते, कुठं खाते, कुठं जाते, ते एक दिवस नीट बघा. बहुतेक वेळा ती पाणी न पिता, न जेवता परत जाते. गटानं यात्रेच्या दिवशी भाकरी-पिठल्याचा गाळा लावला, त्यात एकटीला बसता येईल असा बाक ठेवला, पिण्याचं पाणी ठेवलं आणि शौचालय कुठं आहे याची पाटी लावली, तर ती बाई जेवेल, पैसे देईल आणि पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन येईल. पहिल्या यात्रेला थोडक्यात करा. दहा-वीस ताटांचं सामान घ्या, खर्च आणि जमा लिहा, मग पुढचं ठरवा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडण्याआधी प्रत्येकीनं एका जागेचं नाव सांगायचं, जिथं तिला एकटीनं जायचंय. नाव वहीत लिहायचं, समोर महिना लिहायचा. जी जाऊन येईल तिनं बाकीच्यांना गाडीची वेळ, चांगली खानावळ आणि शौचालयाची जागा सांगायची. पहिलीला जे शोधावं लागलं ते दुसरीला आयतं मिळेल.