पुराचा इशारा कोणत्या भाषेत?

आपल्या सीमाभागातल्या घरांत 'प्रवाह' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. मराठीत प्रवाह म्हणजे नुसते वाहते पाणी. कन्नडमध्ये मात्र प्रवाह म्हणजे चक्क महापूर. कन्नड शाळेत शिकणारा नातू टीव्हीवरची पट्टी मोठ्याने वाचतो आणि आज्जी म्हणते, "नदीला प्रवाह असायचाच की रे!" 'अनाहुत'चेही तसेच. मराठीत अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. कन्नडमध्ये अनाहुत म्हणजे अनर्थ. एरवी हा चहाबरोबर हसण्याचा विषय. आषाढ-श्रावणात मात्र तो जिवावर बेतू शकतो.

कारण आपल्या नद्यांना सीमारेषा ठाऊक नाही. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करून संकेश्वरला येते. दूधगंगा-वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी-चिक्कोडीकडे उतरतात. पाऊस सह्याद्रीत कोसळतो आणि पाणी खाली आपल्या दारात येते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षांचे पूर आपण पाहिले आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली, तेही अनेकांना आठवत असेल.

त्याच पुरात संकेश्वरच्या माझ्या आत्याच्या गल्लीत रिक्षातून सूचना फिरली. सूचना कन्नडमध्ये होती आणि आत्याला ती कळलीही होती. तरी तिने आधी गडहिंग्लजच्या लेकीला फोन लावला, "तुमच्याकडं पाणी किती आलंय?" मग शेजारच्या शंकरेव्वाला विचारले, आणि मगच गाठोडे बांधायला घेतले. तोवर पाणी पायरीला लागले होते. घरातले तिला अजून हट्टी म्हणतात.

परंतु आपत्तींचा अभ्यास करणारे तिला हट्टी म्हणणार नाहीत. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डेनिस मिलेटी यांनी धोक्याचे इशारे आणि माणसांचे वागणे यांचा आयुष्यभर अभ्यास केला. जॉन सोरेन्सन यांच्यासह 1990 मध्ये त्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा लिहिला. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इशारा ऐकताच माणूस लगेच उठत नाही. आधी तो चार जणांकडे खातरजमा करतो. ही वेळ कमी करायची तर इशाऱ्यात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात : धोका कसला, कुठे, कधीपर्यंत, आपण नेमके काय करायचे आणि हे सांगतो कोण. "नदीकाठच्यांनी सतर्क राहावे" एवढ्याने कोणी हलत नाही. "संध्याकाळी सहापर्यंत खालच्या गल्लीत पाणी येईल, पाचच्या आत शाळेत या" म्हटले की पाय उचलतात. आणि सांगणारा ओळखीचा, भाषा घरची असेल तर विश्वास लवकर बसतो. पूर्वी गावात दवंडी पिटत, कन्नड घरांत तिला डंगुरा म्हणत. तो पिटणारा गावचाच माणूस असे, हे त्याचे बळ होते.

1963 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी ई. एल. क्वारंटेली यांनी आणखी एक गैरसमज खोडला. संकटात लोक सैरावैरा पळतात, लुटालूट करतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. बाहेरची मदत पोहोचण्याआधी बहुतेकांना वाचवतात ते शेजारीपाजारीच. म्हणजे शंकरेव्वा आणि आत्या हीच पहिली बचाव तुकडी!

आता रुग्णवाहिकेचे पाहू. 108 ही सेवा 15 ऑगस्ट 2005 ला हैदराबादेत सुरू झाली. कर्नाटकात ती 2008 मध्ये आली, महाराष्ट्रात 2014 मध्ये. क्रमांक एकच, पण महाराष्ट्राचा नियंत्रण कक्ष पुण्यात उभा राहिला आणि कर्नाटकचा बंगळूरला. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने जाताना शिनोळीच्या आसपास माझा मोबाइल दोन-तीनदा नेटवर्क बदलतो. अशा ठिकाणी लावलेला फोन कोणत्या राज्यात उचलला जाईल, याचा भरवसा धरू नये. म्हणून फोन लागताच आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि ठळक खूण सांगावी. आजाराचे त्यानंतर. मध्येच फोन तुटला तरी ठिकाण पोहोचलेले असते. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी 112 हा क्रमांकही आहे.

वाचकहो, यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या घरी विजेच्या मीटरशेजारी एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर पत्ता दोन्ही लिपींत आहे. 'मारुतीच्या देवळाजवळ' याखाली 'हनुमान गुडी हत्तिर' आहे. छातीत दुखते म्हणजे 'एदे नोवु', साप चावला म्हणजे 'हावु कच्चिदे', आणि सगळ्यांत खाली 'लगू बर्री!' आज्जीला कन्नड वाचता येत नाही, सुनेला मराठी अडखळत येते. पण दोघींनाही पुठ्ठा वाचून फोन करता येतो. मुलांकडून एकदा तालीमही करून घेतली.

गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळांनी याच्या पुढचे काम अंगावर घ्यावे. अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे कोण राहते, कोणाला कोणती भाषा कळते, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, शाळेची किल्ली कोणाकडे असते, एवढी एक यादी करावी. प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे एका तरुणाचे नाव लिहावे. यंदाच्या मिरगाआधी ती यादी तयार झाली, तर पुढच्या पुरात आत्याला गडहिंग्लजला फोन लावत बसावे लागणार नाही. ज्याचे नाव तिच्यापुढे लिहिले आहे, तोच दारात उभा राहून तिच्या भाषेत सांगेल, "आत्या, चला, पाणी येतंय."